बदकाच्या पाठीवरचं कुंकू

सबनीस काकांच्या घरी मी पहिल्यांदा गेले आणि दारातल्या बाकावर पर्स ठेवायला वाकले, तोच आतून असा आवाज आला की मला वाटलं घराला आग लागली. "हात लावू नका! मागे व्हा! मागे!" बाकावर एक लाकडी बदक होतं. मळकट, टवके उडालेलं, एक डोळा गेलेला. मी नुकतीच मिशिगनमधल्या नोव्हायला राहायला आले होते, काकूंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं होतं, अंगावर पैठणी, बाहेर गुडघाभर बर्फ आणि घरात हे असं स्वागत! मी अमरावतीची. आमच्याकडे पाहुण्यावर कोणी असं खेकसलं तर पाहुणा परत फिरतो आणि फिरता फिरता दोन शब्द सुनावून जातो. मी तोंड उघडणार तेवढ्यात एक उंच, किडकिडीत गृहस्थ लगबगीनं आले. त्यांनी ते बदक दोन्ही हातांनी खालून उचललं, बारशाच्या दिवशी बाळ उचलतात तसं, आणि फळीवर नेऊन ठेवलं. मग माझ्याकडे वळून अगदी मवाळ आवाजात म्हणाले, "या, या. तुम्ही समोरच्या घरातल्या ना? चहा घेणार की कॉफी?"

काकू मागून म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस गं. मलाही असंच ओरडतात. सवत परवडली असती, तिला निदान भांडी तरी घासायला लावली असती."

काकूंचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या घरात भिंती अशा दिसतच नसत. फळ्यांवर बदकं, जिन्यात बदकं, देवघराच्या वरच्या कप्प्यात बदकं. आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ही शोभेची बदकं नव्हेत. जुन्या काळचे शिकारी लाकडाची बदकं कोरून, रंगवून तळ्यात सोडायचे. वरून उडत जाणाऱ्या खऱ्या बदकांना वाटायचं, खाली आपली मंडळी निवांत बसली आहेत, म्हणजे काळजीचं कारण नाही. ती उतरायची आणि लव्हाळ्यात दडलेला शिकारी बंदूक उचलायचा. थोडक्यात, फसवणुकीचं आणि जिवावर उठण्याचं साधन. आणि ते जमवणारा हा माणूस कसा? अंडं घातलेला केकसुद्धा न खाणारा. मंडळाच्या पार्ट्यांमध्ये बाकीचे काका लोक ग्लास घेऊन राजकारणावर तावातावानं बोलत असताना कोपऱ्यात जिंजर एल, म्हणजे आल्याचा बिनदारूचा सोडा, घेऊन उभा राहणारा.

मी एकदा न राहवून विचारलंच. "काका, तुम्ही घरात झुरळ मारत नाही, त्याला कागदावर घेऊन बाहेर सोडता. मग ही शिकाऱ्यांची हत्यारं कशाला जमवता?"

"अहो, भिंतीवर तलवार लावणारे रोज लढायला जातात का?" काका म्हणाले. "मी बदक नाही जमवत. मी रंग जमवतो."

आणि ते खरंच होतं. काकांचं अख्खं आयुष्य रंगात गेलं. एका मोटार कंपनीत ते रंग जुळवायच्या खात्यात होते. गाडीचा दरवाजा एका कारखान्यातून येतो, बॉनेट दुसऱ्यातून, पण उन्हात उभी केली की गाडी एकाच रंगाची दिसली पाहिजे. ती तशी दिसते की नाही हे काकांनी बघायचं. यंत्रं होतीच, पण यंत्र हो म्हणालं आणि सबनीस नाही म्हणाले तर गाडी परत जायची म्हणे. रिटायर झाल्यावरही त्यांच्या स्वेटरच्या खिशात रंगाचे नमुने असायचे. कोणी नवी साडी दाखवली की मान तिरकी करून म्हणणार, "हा निळा दुकानात वेगळा, उन्हात वेगळा. फसवणार तुम्हाला." बायका त्यांना साड्या दाखवायच्या बंद झाल्या ते त्यामुळेच.

बोलणं कमी. पण एक वाक्य कायम तोंडात. काकू जेवायला बोलवून थकल्या, फोन वाजतोय, मंडळाच्या कार्यक्रमाला उशीर होतोय, काका भिंगातून बदकाची पाठ न्याहाळताहेत. "अहो, चला ना!" म्हटलं की वर न बघता म्हणायचे, "घाई कोणाला आहे? बदकाला तर नाही."

हा नाद त्यांना लावला वॉल्टरनं. वॉल्टर म्हणजे सेंट क्लेअर तळ्याच्या काठी जन्म काढलेला सडाफटिंग वाटणारा, पण चांगला संसारी माणूस. बायको गेलेली, मुलगी लिंडा जवळच राहायची. काका कधीतरी त्याच्या गराज सेलमध्ये, म्हणजे घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत, जुनी खुर्ची बघायला गेले आणि खुर्ची राहिली बाजूला, एका बदकाच्या पाठीवरचा पांढरा रंग बघत उभे राहिले. वॉल्टर अर्थातच इंग्रजीतच बोलायचा, मी आपलं मराठीत सांगते. तो म्हणाला, "हे विकायचं नाही. माझ्या बापानं केलंय." काका म्हणाले, "मला विकत नकोच. मला फक्त सांगा, हा पांढरा त्यांनी कशात कालवला?" वॉल्टरनं दोन बियर आणल्या. काकांनी बियर नको म्हणून पाणी मागितलं. संध्याकाळी काकू शोधत गेल्या तेव्हा हे दोघं उलट्या बादल्यांवर बसून पांढऱ्या रंगावर बोलत होते.

पुढे वॉल्टरनं काकांना एकदा शिकारीला नेलं. काकांनी बंदुकीला हात लावणार नाही, फक्त बघणार, या अटीवर होकार दिला. भल्या पहाटे होडीत बसले, काकूंनी डब्यात साबुदाण्याची खिचडी दिलेली. पाण्यावर वॉल्टरची लाकडी बदकं डुलताहेत, आकाशात थोडं तांबडं फुटतंय. आणि एक थवा खरंच वळला, फेरी मारली, पाय सोडून खाली यायला लागला. वॉल्टरनं बंदूक उचलली. तोच काका होडीत ताडकन उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "अरे आली! आली! फसली बघ!" थवा गेला पार कॅनडात. होडी उलटता उलटता वाचली. वॉल्टर पाण्यात सांडलेल्या खिचडीकडे बघत बसला आणि मग इतका हसला की त्याला खोकला लागला. त्यानंतरही ते दोघं वर्षानुवर्षं तळ्यावर जात राहिले, पण बंदूक घरी ठेवून.

काकांच्या स्वभावाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्यांना आपली जुनी गाडी विकायची होती. डेट्रॉइटला शिकणारा एक नागपूरचा मुलगा बघायला आला. त्याला गाडी पसंत, सगळं ठरल्यात जमा. काकूंनी पोहे केलेले. काका म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. मागचा उजवा दरवाजा मी पुन्हा रंगवलाय. या, दाखवतो." मुलानं बघितलं, त्याला काही दिसेना. काकांनी त्याला उन्हात नेलं, सावलीत नेलं, वाकायला लावलं, एक डोळा मिटायला लावला. "आता दिसला फरक?" "नाही काका." "असं कसं? नीट बघा." शेवटी तो मुलगा घाबरला. त्याला वाटलं, एवढं सांगताहेत म्हणजे गाडीचा मोठाच अपघात झालेला असणार. पोहे खाऊन गेला तो गेलाच.

काकू कडाडल्या, "अहो, त्याला दिसत नव्हतं ना?"

"मला दिसत होतं," काका म्हणाले.

बदकांच्या बाबतीत तर हे सोवळं आणखी कडक. या जमवणाऱ्या लोकांमध्ये जुना रंग म्हणजे जीव की प्राण. पुसायचं नाही, धुवायचं नाही, वरून हात मारायचा नाही. टवका उडाला तर उडाला. काकांचा हात इतका तयार, की त्यांनी मनात आणलं असतं तर अख्ख्या मिशिगनला फसवलं असतं. ते म्हणायचे, "रंग लावणं हे पाप नाही हो. लावून गप्प बसणं पाप."

मग वॉल्टर थकला. पाय गेले, लिंडानं त्याला चांगल्या वृद्धाश्रमात ठेवलं. त्याच्या बापाची बाकीची बदकं वाईट दिवसांत कधीच विकली गेली होती. उरलं होतं ते एकच, गराज सेलमधलं. कॅनव्हासबॅक जातीचं, तांबडं डोकं, काळी छाती, पांढरी शुभ्र पाठ. वॉल्टरनं ते काकांच्या हातात दिलं. "माझ्या खोलीत सफाईवाल्या रोज येतात, पुसून ठेवतील. तुझ्याकडे ठेव. पण माझंच आहे हं."

"तुझंच," काका म्हणाले.

त्याच साली काकांना आमच्या भागातल्या बदकांच्या वार्षिक प्रदर्शनात स्वतःचं टेबल मिळालं. इतकी वर्षं ते नुसते बघायला जायचे. टेबलाचा विषय त्यांनी ठरवला, सेंट क्लेअरची कॅनव्हासबॅक, आणि मधोमध वॉल्टरच्या बापाचं बदक, खाली बापाचं नाव. वॉल्टरला लिंडा चाकांच्या खुर्चीतून घेऊन येणार होती. तेवढ्यासाठी तो जेवण जेवतोय, व्यायाम करतोय, असं ती फोनवर सांगायची. काका आयुष्यात प्रथमच घाईत दिसायला लागले.

आणि नेमक्या त्याच वेळी सांगलीहून अक्का आल्या. अक्का म्हणजे काकांच्या थोरल्या बहीण, त्यांना अरविंदा म्हणणाऱ्या. ऐंशी ओलांडलेल्या, पाठीत वाकलेल्या, पण जिभेला आणि हाताला विश्रांती नाही. काकांची आई लवकर गेली, तेव्हा यांनीच त्यांना वाढवलं. अमेरिकेला पहिल्यांदाच आलेल्या. आल्या दिवसापासून काकूंच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला, लोणचं घातलं, पडद्यांच्या कडा शिवल्या. मला म्हणाल्या, "तुमच्याकडे कामं सगळी मशीनच करतं, मग माणसानं बसून काय करायचं? चिडायचं?" मला त्या फार आवडल्या.

खंडेनवमी आली. काका दरवर्षी ती मन लावून करत. देवासमोर रंगाचे ब्रश, स्क्रू ड्रायव्हर, गाडीची किल्ली, भिंग, काकूंचा मिक्सरसुद्धा. बदकं हीसुद्धा शेवटी कोणाच्या तरी पोटापाण्याची हत्यारं, म्हणून त्यांचाही मान. पण बदकांना हळदकुंकू लावायचं नाही, त्यांच्यासमोर कागदावर वाहायचं, अशी काकांनी स्वतःपुरती पळवाट काढलेली. ती अक्कांना कुठून माहीत असणार? काका फुलं आणायला बाहेर गेले होते. अक्कांनी बघितलं, ब्रशला कुंकू आहे, मिक्सरला आहे, आणि ही एवढी बदकं बिचारी कोरडी. अरविंदा विसरला! त्यांनी हळद कालवली, कुंकू कालवलं आणि प्रदर्शनासाठी सर्वांत पुढे काढून ठेवलेल्या बदकापासून सुरुवात केली. तांबड्या डोक्यावर कुंकू उठून दिसेना, म्हणून पांढऱ्या पाठीवर ठसठशीत लावलं. आधी हळद, तिच्यावर कुंकू. दुसऱ्या बदकाकडे वळणार तोच काका दारात.

मला हे कसं माहीत? काका थोड्या वेळानं माझ्या दारात उभे होते. हातात झेंडूची पिशवी तशीच. मी म्हटलं, "काका, काय झालं? काकू बऱ्या आहेत ना?"

खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि सगळं सांगितलं.

"मग तुम्ही काय म्हणालात अक्कांना?"

"ती म्हणाली, चुकलं का रे काही? मी म्हटलं, नाही अक्का, छान केलंस."

"पुसता येणार नाही?"

"तो रंग आता खडूसारखा झालाय. ओल आत शिरली. हळद काढायला गेलं तर खालचा पांढराही येणार. वॉल्टरच्या बापाचा."

मी जरा तापटच आहे. मला असं रडकुंडीला आलेलं माणूस बघवत नाही. मी म्हटलं, "काका, तुम्ही पस्तीस वर्षं काय केलंत मग? एवढा ठिपका तुम्हाला लपवता येत नाही?"

"तासाभरात येईल," काका म्हणाले. "काढायचं आणि वर तसाच पांढरा लावायचा. वॉल्टरला काय, ब्रह्मदेवाला कळणार नाही."

"मग लावा की!"

काकांनी मान नकारार्थी हलवली. मला तो नागपूरचा मुलगा आठवला आणि मी चहाचं आधण ठेवलं.

"आणि वॉल्टरला खरं सांगायचं तर अक्कासमोर सांगावं लागणार, इंग्रजीत सांगितलं तरी त्याचा चेहरा बघून ती विचारणारच," काका म्हणाले. "ती प्रदर्शनाला येणार म्हणून साडीला इस्त्री करून बसलीये. तिनं मला हातानं भरवून वाढवलं हो. पहिल्यांदा माझ्या घरी आलीये, बहुतेक शेवटचंच. तिला मी कसं सांगू, की तुझ्या कुंकवानं वाटोळं केलं? आणि त्याला कसं सांगू, की तुझं एवढं एकच राहिलं होतं, ते मला सांभाळता आलं नाही?" त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना चहा करून दिला, दुसरं काय करणार होते.

वॉल्टरला आधी एकट्याला गाठून सांगावं म्हणून ते वृद्धाश्रमात गेले, तर तिथे सर्दीतापाची साथ, भेटी बंद. फोनवर त्याला ऐकू यायचं नाही. साथ ओसरून भेटी सुरू झाल्या तोवर प्रदर्शनाचा शनिवार उजाडला. काकांना मोतीबिंदूमुळे हायवेवर गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केलेली, म्हणून ड्रायव्हर मी. मागे काकू, अक्का आणि मध्ये सीटबेल्ट लावलेली खोकी. सगळ्या वाटेत काका एक अक्षर बोलले नाहीत. अक्का मात्र खुशीत, "अरविंदा लहानपणीही असाच, परीक्षेला जाताना दातखीळ बसायची याची."

एका हॉटेलचा मोठा हॉल. हिरवं कापड घातलेली टेबलं, टोप्या घातलेले म्हातारे, प्रत्येकाच्या काखेत एकेक बदक. बदक उलटं करायचं, पोट बघायचं, वास घ्यायचा, हुं करायचं आणि परत ठेवायचं. वधूपरीक्षाच सगळी. काकांनी टेबल मांडलं. काकू हळूच म्हणाल्या, "अहो, पाठ भिंतीकडे करा ना त्याची." काकांनी ऐकलं नाही. मधोमध, पुढे, कुंकू समोर येईल असंच ठेवलं. येणारे जाणारे थबकायचे, भुवया उंचावायचे, एकमेकांकडे बघायचे. अक्का टेबलामागे खुर्चीत, साडीवर काकूंचं जाड जॅकेट, पायात मोजे. येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत होत्या.

आणि लिंडा खुर्ची ढकलत आली. वॉल्टर खूप वाळला होता. केस नीट विंचरलेले, गळ्यात टाय. त्याची नजर टेबलावरून फिरत फिरत मध्यावर आली आणि थांबली.

काका पुढे झाले. म्हणाले, "वॉल्टर, आधी माझं ऐक." आणि सगळं इंग्रजीत एका दमात सांगितलं. "माझ्या घरात झालं, म्हणजे माझ्याकडून झालं. मला हे काढून पांढरा लावता आला असता. तुला कळलं नसतं. मी लावला नाही. आता तू म्हणशील ते."

वॉल्टरनं मांडीकडे बोट दाखवलं. काकांनी बदक त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. शेजारच्या टेबलावरचा एक टोपीवाला जवळ येऊन बघायला लागला आणि दातांतून हवा सोडल्यासारखा आवाज केला. माझ्या मनात आलं, याच्या डोक्यात एक बदक घालावं.

वॉल्टरनं मान वर केली आणि अक्कांकडे बोट केलं. "यांनी?"

अक्कांना इंग्रजी येत नव्हतं, पण बोट कळलं. त्यांना वाटलं, कौतुक होतंय. टेबलाला धरून उठल्या. "हो, मीच लावलं! सांग त्याला अरविंदा. म्हणावं, ज्यानं घरातल्यांची पोटं भरली, त्याला वर्षातून एकदा तरी हात जोडावेत. वस्तू झाली म्हणून काय झालं?"

काकांनी डोळे मिटले. काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या.

"काय म्हणतात?" वॉल्टरनं विचारलं.

काकांनी सांगितलं. शब्दाला शब्द, काही न गाळता.

वॉल्टरनं बदक जवळ घेतलं. मग अंगठ्यानं, कुंकवाला न लावता, त्याच्या कडेकडेनं पाठ चाचपली. "माझा बाप," तो म्हणाला, "सीझनच्या पहिल्या दिवशी होडी सोडायच्या आधी याच पाठीवर व्हिस्की ओतायचा. थेंबभरच. म्हणायचा, ह्यानं आपल्याला हिवाळाभर जेवू घातलंय, आधी त्याला. आई चिडायची, रंग जाईल म्हणून." तो हसायला लागला. "रंग काही गेला नाही. आणि तो गेल्यावर मी कधी ओतली नाही. मला लाज वाटायची. कोणी बघितलं तर काय म्हणेल?" हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि लिंडा त्याच्या टायला रुमाल लावत म्हणाली, "डॅड, हे मला कधी सांगितलं नाहीस!"

माझा जीव भांड्यात पडला. टोपीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"काय म्हणतोय रे तो? रडतोय का?" अक्का घाबरून विचारायला लागल्या.

काकांनी एकवार वॉल्टरकडे बघितलं, एकवार अक्कांकडे. "अक्का, तो म्हणतोय, त्याचे वडीलही दरवर्षी याच्या पाठीवर तीर्थ घालायचे."

"बघ!" अक्का समाधानानं खुर्चीत टेकल्या. "म्हणजे रीत त्यांच्याकडेही आहे. माणसं चांगली दिसतात."

अक्कांना म्हटलेलं ‘छान केलंस’ सोडलं, तर बदकाच्या बाबतीत सबनीस काका आयुष्यात एवढं एकदाच खोटं बोलले. मग ते अक्कांच्या शेजारी खाली जमिनीवरच बसले, पाण्याची बाटली एका दमात संपवली आणि काकूंच्या डब्यातली तीन थालिपीठं खाल्ली. चौथं वॉल्टरनं खाल्लं. बक्षीस काही मिळालं नाही. परीक्षकांपैकी एकानं विचारलं, की पाठीवरचं ते काय आहे, तेव्हा वॉल्टर खुर्चीतून ओरडला, "तो मूळचा रंग आहे!"

अक्का सांगलीला परतल्या. आपल्या हातून काही झालं होतं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. विमानतळावर मला म्हणाल्या, "अरविंदाकडे लक्ष ठेव. एकटा असला की त्या लाकडांशी बोलतो."

आता काका-काकू ओहायोतल्या डब्लिनला लेकीजवळ राहायला गेले आहेत. समोरच्या घरात नवं जोडपं आलंय, भिंती दिसतात, छान आहे सगळं. मला करमत नाही. पण काका आठवले की मला ते सामान बांधताना दिसत नाहीत. दिसते ती त्यांची इथली शेवटची खंडेनवमी.

वॉल्टरचा निरोप आला होता, बदक घेऊन ये. मी गाडी चालवली. त्याच्या खोलीत खिडकीशी छोटं टेबल, त्यावर काकांनी पेपर पसरला, बदक ठेवलं. वर्षभरात कुंकू थोडं विटलं होतं. फोनवर सांगलीहून अक्का, कपाळापासून वरचाच भाग दिसतोय. वॉल्टर म्हणाला, "यंदाचं लाव."

"वॉल्टर, पुन्हा ओल लागेल."

"बाप माझा, बदक माझं. लाव."

काकांनी हळद कालवली. चष्मा कपाळावर सरकवला, अनामिकेनं जुन्या ठिपक्याच्या बरोबर वर नवा ठिपका ठेवला, रेषभरही बाहेर नाही. मग कुंकू. त्यांना घाम फुटला होता.

"तीर्थ घातलं का रे?" फोनमधून अक्का.

वॉल्टरला तो शब्द आता पाठ झाला होता. त्यानं दाराकडे नजर टाकली, कपाटातल्या लोकरी मोज्यातून एक चपटी बाटली काढली आणि पाठीवर थेंबभर व्हिस्की सोडली. मग बाटली काकांपुढे धरली. "तीर्थ?"

मी म्हटलं, आता काका जिंजर एल मागणार. पण काकांनी उजव्या तळहाताचा खळगा केला, खाली डावा हात लावला, जसा देवळात लावतात तसा, आणि पुढे वाकले. वॉल्टरनं थेंबभर ओतलं. काका ते प्यायले, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि सवयीनं ओला हात टकलावरून मागे फिरवला.

वॉल्टर नीट बघत होता. त्यानंही आपल्या तळहातावर थेंब घेतला, तोंडाला लावला, हात डोक्यावरून फिरवला. आणि मग तोच ओला हात त्यानं बदकाच्या पाठीवरून, डोक्यापासून शेपटीपर्यंत, सावकाश फिरवला.

आता ‘हात लावू नका!’ येणार म्हणून मी काकांकडे बघितलं. ते बाटलीला झाकण लावत होते.